उशिरा आलेला निरोप चुकीचाच! गाडीतले संगणक एकमेकांशी कसे बोलतात?

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी शाळेत भेटायला आला. दहावीनंतर तो गॅरेजमध्ये लागला. आता त्याला आठ वर्षं झाली आणि हाताखाली दोन पोरंही आहेत. त्याच्या उस्तादांचा अनुभव तर तीस वर्षांचा. इंजिनचा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस.

"सर, एका गाडीनं आमची पार इज्जत घालवली," तो म्हणाला.

झालं असं की, एका गिऱ्हाइकाची गाडी खड्ड्यातून गेली की डॅशबोर्डवर एबीएस, स्टिअरिंग आणि चेक इंजिन असे तीन दिवे एकदम लागायचे आणि थोड्या वेळाने विझायचे. यांनी स्कॅनर लावला. एबीएसचा कोड आला. उस्तादांनी चाकाचा सेन्सर बदलला, पण दिवे परत लागले. मग एबीएसचं अख्खं युनिट बदललं. गिऱ्हाइकाचे बरेच पैसे गेले आणि दिवे पुन्हा लागले. शेवटी गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेली. तिथल्या वायरमनने मल्टिमीटर लावून थोड्याच वेळात दोष काढला. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींपैकी एक आतून तुटली होती. सेन्सर आणि युनिट, दोन्ही ठणठणीत होते.

"सर, एवढ्याशा वायरीनं तीन-तीन दिवे कसे काय लागतात?" त्याने विचारलं.

मी विज्ञान आणि गणित शिकवतो, गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला एक फार सुंदर विषय सापडला. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुलं गॅरेजमध्ये, वायरमनच्या हाताखाली काम करतात. त्यांच्या रोजीरोटीशी या विषयाचा थेट संबंध आहे, आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशीही आहे. म्हणून हा लेख.

एक गाडी, अनेक संगणक

आजच्या गाडीत एकच मोठा संगणक नसतो. इंजिनचा वेगळा, एबीएसचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, स्टिअरिंगचा वेगळा, डॅशबोर्डचा वेगळा. मेकॅनिक मंडळी त्यांना 'ईसीयू' म्हणतात. साध्या गाडीतही असे अनेक ईसीयू असतात आणि महागड्या गाडीत तर डझनावारी. प्रत्येकाचं काम वेगळं असलं तरी एकाला दुसऱ्याची माहिती लागतेच. चाकाचा वेग एबीएसला कळतो, पण तो डॅशबोर्डलाही हवा असतो आणि स्टिअरिंगलाही. इंजिन किती जोरात फिरतंय हे ऑटोमॅटिक गिअरच्या संगणकाला कळलं नाही, तर गिअर बदलताना गाडी झटके देईल.

म्हणजे काम अनेक ठिकाणी विखुरलेलं आहे आणि ते वेळेवर जुळलं पाहिजे. संगणकशास्त्रात अशा व्यवस्थेला डिस्ट्रिब्युटेड रिअल-टाइम सिस्टिम म्हणतात. या व्यवस्थेतल्या संगणकांनी आपसात कधी बोलायचं, किती बोलायचं, दोघे एकदम बोलले तर काय करायचं, याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल.

'मुदत' या शब्दाची गंमत

मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत वावरतो, त्यामुळे एका शब्दाची मला नेहमी गंमत वाटते. उर्दूत 'मुद्दत' म्हणजे दीर्घ काळ. कोणी फार दिवसांनी भेटलं की आपण म्हणतो, मुद्दत झाली भेटून. तोच शब्द मराठीत 'मुदत' झाला आणि त्याचा अर्थ झाला ठरलेली शेवटची वेळ. फॉर्म भरायची मुदत, कर्ज फेडायची मुदत.

आपला मोबाईल उर्दूतल्या मुद्दतीने चालतो. व्हॉट्सॲपचा निरोप दोन सेकंद उशिरा आला तरी काही बिघडत नाही. इंटरनेटवर माहितीचा एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. सगळं शेवटी पोहोचलं पाहिजे, एवढीच अट. कधी पोहोचेल याची हमी कोणी देत नाही.

गाडी मात्र मराठीतल्या मुदतीने चालते. हिशेब करून पाहा. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात अडीच मीटर. चाक लॉक होतंय हा निरोप तेवढा उशिरा पोहोचला, तर तोवर गाडी पुढच्या माणसापर्यंत गेलेली असू शकते. निरोपातला आकडा अगदी अचूक असेल, पण मुदत टळल्यावर त्या अचूकपणाचा उपयोग काय? अशा व्यवस्थेचा पहिला नियमच हा आहे: उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावं लागतं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चुकीचंच उत्तर.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. रिअल-टाइम म्हणजे 'खूप वेगवान' असं अनेकांना वाटतं. तसं नाही. रिअल-टाइम म्हणजे वेळेची हमी. रोज ९ वाजून ५ मिनिटांनी येणारी एसटी ही कधी दहा मिनिटांत मिळणाऱ्या, तर कधी तासभर न मिळणाऱ्या रिक्षापेक्षा भरवशाची. सरासरी काय आहे याला इथे महत्त्व नाही. सगळ्यात वाईट परिस्थितीत किती उशीर होईल, हे आधी सांगता आलं पाहिजे.

वायरींचा गुंता आणि बॉशचा तोडगा

पूर्वी गाडीत एका भागाची माहिती दुसऱ्याला हवी असेल तर दोघांमध्ये वेगळी वायर ओढली जायची. इलेक्ट्रॉनिक भाग वाढत गेले तसा वायरींचा गुच्छा जाड होत गेला, वजन वाढलं, खर्च वाढला आणि दोष शोधणं कठीण झालं.

जर्मनीच्या बॉश कंपनीतील अभियंत्यांनी १९८३ साली यावर काम सुरू केले. फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे वाहन अभियंत्यांच्या परिषदेत त्यांनी आपली पद्धत मांडली. तिचे नाव 'कंट्रोलर एरिया नेटवर्क', थोडक्यात 'कॅन'. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीजने आपल्या महागड्या गाड्यांत ती वापरली आणि १९९३ साली तिला 'आयएसओ ११८९८' हे आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. २००८ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये तपासणीसाठी कॅन सक्तीची झाली. आज जगभरातल्या गाड्यांत, ट्रॅक्टरमध्ये, लिफ्टमध्ये आणि कारखान्यातल्या यंत्रांतही ती आहे.

कल्पना साधी आहे. फक्त दोन वायरी, एकमेकींना पीळ दिलेल्या. एक 'कॅन हाय', दुसरी 'कॅन लो'. सगळे ईसीयू याच जोडीला जोडलेले. एकाने निरोप टाकला की तो सगळ्यांना ऐकू जातो. ज्याला हवा त्याने घ्यावा, बाकीच्यांनी सोडून द्यावा.

निरोप दोन वायरींमधल्या व्होल्टच्या फरकातून जातो. वायर शांत असताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात, म्हणजे फरक शून्य. संदेशातला ० पाठवताना हाय सुमारे ३.५ वर जाते आणि लो १.५ वर येते, म्हणजे फरक २ व्होल्ट. दोन वायरी आणि त्यांना पीळ कशासाठी? शेजारच्या स्पार्क प्लगचा किंवा मोटरचा विद्युत गोंगाट आला तर तो दोन्ही वायरींवर सारखाच येतो. दोन्ही एकदम वर गेल्या किंवा खाली आल्या तरी फरक तेवढाच राहतो आणि निरोप शाबूत राहतो.

आधी कोण बोलणार?

आता खरी अडचण. एकाच वायरीवर दोघे एकाच क्षणी बोलू लागले तर?

वर्गात असं झालं तर शिक्षक असतात. ते एकाला थांबवतात, दुसऱ्याला बोलू देतात. पण गाडीत असा एकच मुख्य ठेवला आणि तोच बंद पडला, तर सगळी गाडी मुकी होईल. म्हणून कॅनमध्ये कोणी मुख्य नाही.

जुन्या इथरनेटमध्ये, म्हणजे ऑफिसच्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्यात, दोन निरोप आदळले की दोघेही थांबायचे आणि चिठ्ठी टाकल्यासारखा कितीही वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचे. पुन्हा आदळले तर पुन्हा थांबायचे. ऑफिसच्या कामाला हे चालतं. पण ब्रेकचा निरोप नशिबावर सोडता येत नाही.

कॅनचा उपाय समजण्यासाठी एक अंधारी खोली डोळ्यांसमोर आणा. दहा जणांच्या हातात एकेक बॅटरी आहे. कोणी एकाने जरी बॅटरी लावली तरी खोलीत उजेड होतो. अंधार राहायचा तर दहाही जणांनी बॅटरी बंद ठेवली पाहिजे. कॅनच्या वायरीवर ० म्हणजे उजेड आणि १ म्हणजे अंधार. एकाने ० दिला आणि बाकीच्यांनी १ दिला, तर वायरीवर ० च दिसतो.

प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला त्याचा ओळख क्रमांक असतो. तो साधारणपणे ११ अंकी असतो आणि त्यात फक्त ० आणि १ असतात. आपण समजण्यापुरते तीनच अंक घेऊ. समजा ब्रेकचा क्रमांक ००१, इंजिनचा ०१० आणि दरवाज्याचा १०१. तिघे एकाच क्षणी बोलू लागले.

पहिला अंक: ब्रेक ० देतो, इंजिन ० देतं, दरवाजा १ देतो. वायरीवर ० दिसतो. बोलताना प्रत्येकजण वायरीकडे कानही देत असतो. दरवाजाच्या लक्षात येतं की, आपण १ दिला आणि ऐकू आला ०, म्हणजे आपल्यापेक्षा महत्त्वाचं कोणीतरी बोलतंय. तो गुपचूप मागे सरतो.

दुसरा अंक: ब्रेक ० देतो, इंजिन १ देतं. वायरीवर ० दिसतो. आता इंजिन मागे सरतं.

तिसरा अंक येईपर्यंत मैदानात ब्रेक एकटाच उरलेला असतो. त्याला तर हेही कळलेलं नसतं की स्पर्धा झाली होती. त्याचा एकही अंक बिघडला नाही, एक क्षणही वाया गेला नाही. त्याचा निरोप संपला की बाकीचे दोघे पुन्हा प्रयत्न करतात आणि त्यांच्यातही हाच न्याय लागतो.

मला या पद्धतीचं फार कौतुक वाटतं. कोणी हुकूम देत नाही, टक्कर होत नाही, चिठ्ठ्या टाकाव्या लागत नाहीत. क्रमांक जितका लहान तितका त्याचा मान मोठा, हे डिझाईन करतानाच ठरलेलं असतं.

एक मर्यादा मात्र आहे. दोन टोकांचे ईसीयू एकमेकांचा अंक 'त्याच क्षणी' ऐकू शकले पाहिजेत. वीज फार वेगाने धावते, पण तिलाही वेळ लागतोच. म्हणून कॅनचा वेग सेकंदाला १० लाख अंक ठेवला तर वायर सुमारे ४० मीटरच ठेवता येते. वायर लांब हवी तर वेग कमी करावा लागतो.

हमी गणितातून येते

"पण सर, सगळ्यात शेवटच्या नंबरवाल्याचं काय? त्याचा नंबर लागणार तरी कधी?" माझ्या विद्यार्थ्याने बरोबर विचारलं. मोठ्यांचाच मान ठेवत बसलं तर लहान माणूस रांगेत ताटकळत राहील.

याचं उत्तर हिशेबात आहे. सेकंदाला ५ लाख अंकांच्या वेगाने कॅनचा पूर्ण भरलेला निरोप, म्हणजे ८ बाइट माहितीचा, वाईटात वाईट धरला तरी सुमारे ०.२७ मिलिसेकंदात संपतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एकदा सुरू झालेला निरोप मध्येच तोडता येत नाही. म्हणून सगळ्यात मानाच्या निरोपालाही जास्तीत जास्त एका निरोपाएवढं थांबावं लागू शकतं.

आता ज्याच्या पुढे २० मानाचे निरोप आहेत असा एक घेऊ. आधीच चालू असलेला १, पुढचे २० आणि स्वतःचा १, असे २२ झाले. २२ गुणिले ०.२७ म्हणजे ५.९४ मिलिसेकंद. पण त्या २० पैकी ४ निरोप दर ५ मिलिसेकंदांनी परत येत असतील, तर आपला नंबर लागण्याआधी त्यांची दुसरी पाळीही येऊन जाईल. म्हणून आणखी ४ मिळवायचे. झाले २६, म्हणजे सुमारे ७ मिलिसेकंद. त्या निरोपाची मुदत १० मिलिसेकंद असेल तर तो सुरक्षित. मुदत ५ असेल तर रस्त्यावर गाडी उतरण्याआधीच, कागदावरच कळतं की काहीतरी बदललं पाहिजे.

इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात केन टिंडेल, ॲलन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४-९५ च्या सुमारास हा हिशेब शास्त्रशुद्ध रूपात मांडला. १९९८ मध्ये आलेल्या व्होल्वो एस-८० गाडीच्या जाळ्यासाठी अशा हिशेबाचा वापर झाला. पुढे २००७ साली रॉबर्ट डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मूळ सूत्रात एक चूक आहे, काही परिस्थितींत ते खऱ्यापेक्षा कमी उशीर सांगते. त्यांनी सूत्र दुरुस्तही करून दिले. विशेष म्हणजे ही चूक दाखवणाऱ्यांत स्वतः ॲलन बर्न्सही होते. आपली चूक आपणच जाहीरपणे मांडणं ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगतो. गणितात चुकलं म्हणून लाजायचं नसतं, ते सुधारायचं असतं.

चूक पकडणारे शेजारी

निरोप वाटेत बिघडला तर? प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक पडताळा असतो. आकड्यांची विशिष्ट पद्धतीने भागाकारासारखी क्रिया करून काढलेली १५ अंकी बाकी. ऐकणारा स्वतः तीच क्रिया करतो. बाकी जुळली नाही तर तो लगेच सलग सहा ० टाकून ओरडतो. नेहमीच्या निरोपात सहा ० सलग कधीच येत नाहीत, त्यामुळे हा ओरडा सगळ्यांना कळतो. सगळेजण तो निरोप टाकून देतात आणि पाठवणारा पुन्हा पाठवतो.

पण चूक पाठवणाऱ्याचीच असेल आणि तो सारखा बिघडलेलेच निरोप पाठवत राहिला तर? यासाठी प्रत्येक ईसीयू स्वतःच्या चुकांची वही ठेवतो. पाठवताना चूक झाली की ८ गुण चढतात, निरोप नीट गेला की १ गुण उतरतो. गुण १२७ च्या वर गेले की त्याला इतरांचे निरोप ओरडून मोडण्याचा हक्क राहत नाही. २५५ च्या वर गेले की तो स्वतःहून वायरीपासून अलग होतो. सलग ३२ चुका झाल्या की ही वेळ येते. इतरांना त्रास नको म्हणून आपण बाजूला होणं, असा हा नियम.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की तीन दिवे एकदम का लागत होते. खड्ड्यात वायर हलली की एबीएसचा निरोप इतरांपर्यंत पोहोचत नव्हता. स्टिअरिंग त्याची वाट पाहत होतं, इंजिन वाट पाहत होतं. मुदत संपली की प्रत्येकाने आपापला दिवा लावला. कोणीच आजारी नव्हतं. फक्त एकमेकांचा आवाज ऐकू येत नव्हता.

दुसरा मार्ग: घड्याळ

कॅनलाही एक दुखणं आहे. एखादा ईसीयू बिघडला आणि अगदी व्यवस्थित, पण विनाकारण, मानाच्या क्रमांकाचे निरोप सारखे टाकू लागला, तर त्याच्या वहीत एकही चूक चढत नाही. बाकीचे मात्र उपाशी राहतात. इंजिनिअर मंडळी अशा ईसीयूला चक्क 'बडबडा मूर्ख' म्हणतात.

व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठातील प्राध्यापक हर्मान कोपेट्झ यांनी यावर वेगळी दिशा धरली. त्यांचे म्हणणे असे की, महत्त्वाचं कोण हे प्रत्येक वेळी ठरवत बसू नका, वेळापत्रकच आखा. शाळेतल्या तासिकांसारखं. पहिल्या तासाला हा बोलेल, दुसऱ्याला तो. आपला तास नसताना कोणी तोंड उघडायचं नाही, आणि उघडलंच तर एक वेगळा पहारेकरी त्याचा आवाज वायरीपर्यंत पोहोचू देणार नाही. त्यांच्या या पद्धतीचे नाव टीटीपी, म्हणजे 'टाइम-ट्रिगर्ड प्रोटोकॉल'. बीएमडब्ल्यू आणि इतर कंपन्यांनी मिळून २००० साली ज्यावर एकत्र काम सुरू केले त्या 'फ्लेक्सरे' पद्धतीतही काही भाग ठरलेल्या तासिकांचा आणि काही भाग गरजेप्रमाणे बोलण्याचा असतो.

वेळापत्रक म्हटलं की सगळ्यांची घड्याळं जुळली पाहिजेत. प्रत्येक ईसीयूत क्वार्ट्झचं छोटं घड्याळ असतं, पण ती थोडी पुढे-मागे जातातच. सेकंदाला फक्त ५० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या ५० पटींचा फरक पडला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदांचा फरक होतो. अडीच मीटरचा हिशेब आठवा! म्हणून ही घड्याळं सतत एकमेकांशी ताडून पाहिली जातात. त्यातही एखादं घड्याळ साफ बिघडलेलं असू शकतं. म्हणून सगळ्यात पुढचं आणि सगळ्यात मागचं घड्याळ सोडून देऊन मधल्यांवरून वेळ ठरवण्याच्या पद्धती वापरतात.

मग चांगलं कोणतं? वेळापत्रकात शिस्त आहे, पण एखाद्याला सांगण्यासारखं काही नसलं तरी त्याचा तास रिकामा जातो. कॅनमध्ये लवचिकपणा आहे आणि ती स्वस्तही आहे. म्हणूनच एकाच गाडीत दोन-तीन पद्धती नांदताना दिसतात. खिडकीच्या काचेसाठी एका वायरीची, सेकंदाला जास्तीत जास्त २० हजार अंक नेणारी 'लिन', इंजिन-ब्रेकसाठी कॅन, आणि कॅमेऱ्यासारख्या जास्त माहितीसाठी गाडीतलं इथरनेट.

वायर ओळख विचारत नाही

कॅन १९८६ ची. तेव्हा गाडी इंटरनेटला जोडली जाईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. त्यामुळे वायरीवरचा निरोप खरंच ब्रेककडून आला की कोणी तोतयाने टाकला, हे कॅन विचारत नाही. २०१५ साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन अमेरिकी संशोधकांनी घरी बसून, इंटरनेटवरून, हमरस्त्यावर धावणाऱ्या जीप चेरोकी गाडीत शिरून दाखवलं. आधी म्युझिक सिस्टिम आणि तिथून कॅन. या प्रकारानंतर कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. आता निरोपासोबत गुप्त सही जोडण्याच्या पद्धती येत आहेत.

आपल्यासाठी धडा साधा आहे. डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये कोणतंही स्वस्तातलं यंत्र खोचून कायमचं ठेवू नका. तो सॉकेट म्हणजे गाडीच्या संभाषणात शिरायचा दरवाजाच आहे.

गॅरेजवाल्यांसाठी एक आकडा: ६०

देशात १ एप्रिल २०२० पासून सर्वत्र बीएस-६ लागू झाल्यावर जुन्या कार्ब्युरेटरची दुनिया मागे पडली. नुसत्या कानाने आणि हाताने दोष सापडण्याचे दिवस संपत आलेत. पण नवी विद्या काही आभाळातून पडलेली नाही. बरीचशी शाळेच्या पुस्तकातच आहे.

कॅनच्या मुख्य जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. टोकाला आपटून निरोपाचा प्रतिध्वनी परत येऊ नये म्हणून. दोन्ही रोध समांतर जोडणीत आहेत. समांतर जोडणीचं सूत्र आठवा: १२० आणि १२० मिळून ६०. म्हणून बॅटरीची वायर काढून, थोडा वेळ थांबून, तपासणी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला तर बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध वाटेत तुटलाय. शून्याजवळ दिसले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत हा सॉकेट मुख्य जोडीला सरळ जोडलेला नसतो, त्यामुळे आधी त्या गाडीचा वायरिंग नकाशा पाहावा.

स्कॅनरच्या कोडचं पहिलं अक्षरही पाहावं. 'पी' म्हणजे इंजिन-गिअर, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग, 'बी' म्हणजे बॉडी, आणि 'यू' म्हणजे संभाषण तुटलं. 'यू०१२१' या कोडचा अर्थ 'एबीएस खराब' असा नाही. त्याचा अर्थ 'एबीएसशी बोलणं होत नाही' असा आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या स्कॅनरवर हाच कोड आला होता! त्यांनी एबीएस हे नाव वाचलं, पुढचं वाक्य सोडून दिलं.

एबीएस युनिट विकत घेण्याआधी दोन वायरी तपासायला हव्या होत्या. कोणीतरी समोर जास्तीचे फॉग लॅम्प बसवताना वायरींचा गुच्छा पत्र्याच्या धारेवर घट्ट आवळून बांधला होता आणि तिथेच वायर हळूहळू तुटली होती. म्हणून फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टिम, कॅमेरा बसवताना पीळ दिलेल्या जोडीला कापू नका, त्यातून वीज घेऊ नका, जोड द्यावाच लागला तर पीळ कायम ठेवा. आणि एक कळकळीची सूचना: एअरबॅगच्या वायरींना, ज्यांचे कनेक्टर बहुतेक वेळा पिवळे असतात, मल्टिमीटर लावू नका. तिथे चूक झाली तर एअरबॅग हातातच उडू शकते.

पुढच्या शुक्रवारी गॅरेज बंद असताना त्याने मला बोलावलं. त्याची दोन पोरं होती आणि एका कोपऱ्यात खुर्चीवर उस्तादही बसले होते. मी फळ्याऐवजी पत्र्याच्या दारावर खडूने समांतर जोडणी काढली, अंधाऱ्या खोलीतल्या बॅटऱ्या काढल्या. मग त्यांनीच एका उभ्या गाडीला मल्टिमीटर लावला. ६०.३ ओहम.

उस्तादांनी तो आकडा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे हाही आवाजच आहे. फक्त कानाऐवजी मीटरनं ऐकायचा."

इतक्या वर्षांत मला यापेक्षा नेमकं उत्तर कोणत्याच विद्यार्थ्याने दिलेलं नाही.